दोन बोटांचं विमान

ज्या माणसानं माझ्या स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराची स्प्रिंग काढून विमानाला लावली, त्याच्यावर लिहायला बसायचं तर आधी राग आवरावा लागतो. इतकी वर्षं झाली, तरी तो पुरता आवरलेला नाही. स्प्रिंग गेली आणि दार आपोआप लागायचं थांबलं. त्या हिवाळ्यात शेजारच्या मांजरीनं माझं जेवढं दूध प्यायलं, तेवढं मी स्वतः प्यायले असते तर आज माझे गुडघे दुखले नसते.

ते माझे घरमालक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी अकोल्याहून वाशीमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला आले, तेव्हा त्यांच्या घरातल्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. सगळे त्यांना काकाजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. खोल्या दाखवताना त्यांनी मोरी दाखवली नाही, नळाला पाणी किती वेळ येतं तेही सांगितलं नाही. दाराची कडी दाखवली.

"बाई, दोन बोटांनी लावून पाहा."

मी लावली.

"आता उघडा. सारखंच लागते ना? लावाले जेवढा जोर, तेवढाच उघडाले."

मला वाटलं, माणूस टापटिपीचा दिसतोय. महिन्याभरात कळलं की छत तीन ठिकाणी गळतं, मोरी तुंबते आणि खिडकीला गजच नाहीत. कडी मात्र शेवटपर्यंत उत्तम चालली.

दोन बोटं हा त्यांचा धर्मच होता. जगात जे काही हलतं ते अंगठ्याशेजारच्या दोन बोटांनी हललं पाहिजे आणि दोन्हीकडे सारखं हललं पाहिजे. घरी आलेल्या पाहुण्याची सायकल ते आधी ताब्यात घेत, हँडल डावीउजवीकडे फिरवून बघत आणि पाहुण्याचा चहा संपेपर्यंत तिचे छर्रे परातीत मांडून ठेवत. पाहुणा पायी घरी जाई. माझी छत्री उघडायला जड जाते म्हणून ती त्यांनी न विचारता दुरुस्त केली. त्यानंतर ती भर बाजारात, तिच्या मनाला येईल तेव्हा उघडू लागली. एकदा तर त्यांनी बायकोचं, म्हणजे काकूंचं, जातं हलकं केलं. खुंटा घासला, माकणी बदलली, वरची तळी तासून पातळ केली. जातं खरोखर दोन बोटांनी फिरू लागलं आणि ज्वारीचं पीठ रव्यासारखं पडू लागलं.

"जात्याले भार पायजे ना, बावा," काकू म्हणाल्या. "हलकं झालं म्हंजे चांगलं झालं असं असते काय?"

काकाजींनी ऐकलं नाही. काकूंनी मुकाट्यानं जात्यावर एक धोंडा बांधला आणि दळू लागल्या. तो धोंडा मी रोज पाहत होते. त्याचा अर्थ कळायला मला चार वर्षं लागली, आणि मी म्हणे गणिताची बाई.

काकाजी जिनिंगमध्ये फिटर होते. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाचा हंगाम, तेवढे दिवस कामावर. उरलेलं वर्ष ते अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये विमान बांधत. हो, विमान. एका माणसाला बसता येईल एवढं, सागवानी पट्ट्यांचं, वर मांजरपाट ताणून खळ आणि रोगण दिलेलं. तरुणपणी लढाईच्या वेळी ते कुठल्याशा धावपट्टीवर मेकॅनिकच्या हाताखाली होते, तिथून हे वेड लागलं. नकाशा एका परदेशी मासिकातला, रद्दीत मिळालेला. इंजिन नागपूरच्या भंगारातलं, कासवासारख्या दिसणाऱ्या परदेशी मोटारीचं. दिल्लीला परवानगीचा अर्ज केला होता. उत्तर आलं नाही, म्हणजे हरकत नाही, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला.

या सगळ्याशी माझा काही संबंध नव्हता आणि तो नसावा अशीच माझी इच्छा होती. पण मासिक इंग्रजीत होतं आणि गणितं त्यात पानोपानी. एका रविवारी मी न्हाऊन केस वाळवत बसले होते, तर काकाजी मासिक घेऊन समोर उभे.

"बाई, तुमी गनिताच्या ना? मंग हे दांड्याचं एवढं सांगा."

तेव्हापासून माझे रविवार गेले ते गेलेच.

दांड्याचं म्हणजे असं. विमानात बसणाऱ्याच्या दोन पायांच्या मध्ये एक दांडा असतो. तो पुढे ढकलला की शेपटीची फळी हलते आणि नाक खाली जातं, मागे ओढला की नाक वर येतं. काकाजी याला उठबस म्हणत. तोच दांडा डावीउजवीकडे नेला की पंखांच्या टोकांवरच्या झडपा हलतात आणि विमान कलतं. हे डुलनं. एकाच हातानं दोन्ही करायचं असतं, म्हणून दोन्हींचा हाताला मेळ बसला पाहिजे. एक फार हलकं आणि दुसरं फार जड असलं, तर हात जडाच्या नादानं जोर लावतो आणि हलकं भलतंच हलतं. मासिकात हे फार धोक्याचं म्हटलं होतं. मी ते वाचून दाखवलं. काकू दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी नवऱ्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. बाई हो म्हणतील तेव्हाच विमान जमिनीवरून उचलायचं, एरवी नाही. मला विचारलंही नाही. मी शाळेतून आले तेव्हा मी एका माणसाच्या जिवाची जामीन झाले होते.

काकाजींना यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट त्यांना परीक्षक मिळाला. त्यांनी जिनिंगमधून ताणकाटा आणला, आकड्यात दांडा अडकवला, आणि मी काटा वाचायचा अशी पद्धत पडली. उठबस सव्वा किलो, डुलनं पाऊण किलो. मग इकडे तेल, तिकडे शिशाचा तुकडा, कुठे वॉशर. रविवारमागून रविवार. मी एकदा विचारलं की हे असं उभ्या विमानावर मोजून कळतं का. ते माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाले, "बाई, तोल कवाबी उभ्याचाच होते. हलती बंडी कोनी तोलते काय?"

जिनिंगच्या काट्यावर हा नियमच होता. कापसाची बंडी काट्यावर आली की बैल सोडायचे, चाकाला दगड लावायचा, सगळं थिजलं की मग वजन. तीस वर्षं त्यांनी तेच पाहिलं होतं. मी शहाणी, मी काटा वाचत राहिले. एका रविवारी काटा दोन्हीकडे नेमका अर्धा किलो दाखवू लागला. आकडे सारखे. सारख्या आकड्यांना मी काय नाही म्हणणार? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडून वहीत सहीसुद्धा घेतली.

जऊळका स्टेशनाजवळ काकूंच्या भावाचं एक बरड होतं, लांबट आणि सपाट, कुणी पेरत नसे. पंख सोडवून विमान बंडीवरून तिथे नेलं. विमान धावलं, उचललं, छातीभर वर गेलं. मग नाक वर गेलं, खाली आलं, त्याहून वर गेलं, त्याहून खाली आलं. काकाजी एकेक झटका आवरायला जात आणि पुढचा त्याहून मोठा येई. चौथ्या वेळी ते एका चाकावर आपटलं. चाक मोडलं आणि काकाजींच्या गळ्याखालचं हाडही. त्यांना बाहेर काढताना काकू ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. माझी सही होती.

हात गळ्यात बांधून काकाजी खाटेवर पडले, आणि काकू माझ्या खोलीत आल्या. खाली बसल्या नाहीत.

"बाई, मी तुमच्यावर राग नाय धरत. पन आता यायनं किती बी विचारलं, तरी तुमी हो म्हनू नका. कवाच नका म्हनू. हाड जुळून येईन, मानूस नाय जुळत."

मी कबूल केलं. मनापासून केलं. मला हे विमान, तो दांडा, तो काटा, कशाचंही तोंड पाहायचं नव्हतं.

पण शेजारच्या खोलीत तो माणूस छताकडे पाहत पडलेला, आणि त्याला दुखण्याची शुद्ध नाही. "बाई, जमिनीवर सारखं होतं. वर गेल्यावर काहून बिघडलं? म्या सोताच्या डोयानं काटा पाह्यला." रोज हेच. डबा भरताना हेच, वह्या तपासताना भिंतीपलीकडून हेच. आठव्या दिवशी माझा तोल सुटला. मी दारात जाऊन म्हटलं, "काकाजी, तुमची बंडी उभी असते तेव्हा बंडीच असते. हे उभं असतं तेव्हा विमान असतं का? वारा लागल्याशिवाय त्याला काय जड आणि काय हलकं?"

ते उठून बसले. हाड दुखलं असणार, पण चेहऱ्यावर ते दिसलं नाही. "म्हंजे हलती बंडी तोला लागन," ते म्हणाले, आणि मला कळलं की मी पुन्हा अडकले.

जिनिंगच्या ट्रकवर एक वयस्कर ड्रायव्हर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. हंगाम चालू होता, ट्रक होता, रुईच्या दाबलेल्या गाठी होत्या. ट्रकवर गाठी रचायच्या, म्हणजे विमान ड्रायव्हरच्या टपाच्या वर येईल. त्यावर विमान पंखांसकट दोरांनी करकचून बांधायचं आणि ट्रक बरडावरून पळवायचा. वारा मिळेल, विमान मात्र कुठे जाणार नाही. फक्त आत बसून दांड्याला काटा लावणारं कुणी हवं. काकाजींचा हात गळ्यात. चाचा चाकावर. तिसरं कोण, हे सांगायला नको.

"बाईजी, पकडके बैठो," चाचा म्हणाले. "मी चाळीसवर नेतो. डर लागली त टपावर थाप मारजा."

मी पदर खोचून, अंबाड्याला रुमाल बांधून त्या भोकात बसले. मी का बसले ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित वहीतल्या त्या सहीमुळे. ट्रक सुटला. वारा तोंडावर आला आणि तो मेलेला दांडा माझ्या हातात जिवंत झाला. काटा पुढेमागे लावला, तर सुई जागची हलेना, आणि तेवढ्यात मागे शेपटीची फळी थाडथाड हलली. मी फक्त श्वास घेतला होता. काटा बाजूला लावला, तर रांजण सरकवावा तसं. सुई साडेतीन किलोवर गेली आणि झडपा बोटभर हलल्या. तीन फेऱ्या झाल्या. रस्त्यावरची एसटी थांबली, उतारू खाली उतरून बघू लागले. सोमवारी माझ्या वर्गातल्या फळ्यावर विमान काढलेलं होतं आणि त्याला अंबाडा होता. मी तो पुसला आणि अपूर्णांक घेतले.

अपूर्णांकच खरे कामाला आले. दांडा जिथे खिळलेला असतो तिथून चार इंचांवर शेपटीच्या सळईचं छिद्र होतं. ते अडीच इंचांवर घेतलं, तर हात तेवढाच हलूनही शेपूट आठाऐवजी पाचच हलणार. दांडा चार बोटं उंच केला, की डुलनं हाताला हलकं पडणार. इथवर ठीक. पण उठबस आता हलत कमी असली तरी हाताला लागत काहीच नव्हती, आणि जे हाताला लागत नाही ते हात आवरणार कसं? दोन रविवार मी त्यावर डोकं फोडलं. तिसऱ्या रविवारी काकू पलीकडे दळत होत्या. मी उठून गेले आणि जात्यावरच्या धोंड्याकडे पाहत उभी राहिले.

"काकू, हा काढला तर काय होतं?"

"हात पळते, पीठ नाय होत," त्या म्हणाल्या.

उठबशीला भार हवा होता. काकाजी ऐकताच पेचकस घेऊन उठले. दांड्याच्या पुढून एक आणि मागून एक, अशा दोन ताणाच्या स्प्रिंगा लागणार होत्या. एक त्यांनी काकूंच्या जाळीच्या दाराची काढली आणि दुसरी माझ्या. मला सांगितलं ते काढून झाल्यावर.

आता खरी पंचाईत माझी होती. हे बरोबर होतं, हे मला कळत होतं. आणि मी काकूंना शब्द दिला होता. मी त्यांना सरळ सांगितलं, "मी हो म्हणणार नाही. एकदा म्हटलं ते चुकलं. तुम्ही नाही म्हणायचं तर म्हणा, पण हातात घेऊन बघा आणि मग म्हणा."

काकूंनी पाच वर्षांत त्या विमानाला बोट लावलं नव्हतं. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, गाठी आणि चाचा हाताशी होते तोवर, त्या नऊवारी लुगड्यात गाठींवर चढल्या आणि आत बसल्या. ट्रक एकदा गेला, एकदा आला. मी खालून त्यांचा चेहरा पाहत होते. दळताना असतो तसाच होता. उतरल्यावर त्यांनी तळहाताकडे पाहिलं, लुगड्याला पुसला.

"इकडं तिकडं सारखंच लागते आता," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे न बघता, "जाऊ द्या त्यायले."

हाड जुळलं होतं, चाक नवं लागलं होतं. होळीनंतरच्या रविवारी, सकाळी, हवा पडलेली असताना काकाजी उडाले. विमान बाभळींच्या वर गेलं. मी फक्त नाकाकडे पाहत होते. ते वर होतं आणि वरच राहिलं. मग पंख कलले, अगदी हळू, कुणी दोन बोटांनी कडी फिरवावी तसे, आणि विमान वळलं. काकू पुढे धावल्या. आधी त्यांनी पदराचं टोक हलवलं, मग सबंध पदर सोडवून दोन्ही हातांनी डोक्यावर. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटं. मग ते उतरलं, थोडं उड्या मारत, आणि थांबलं.

आम्ही पोचलो तेव्हा काकाजी आतच बसून अंगठा दोन बोटांवर घासत होते.

"बाई, सारखं हाय. निरा सारखं."

"मी दिसली का?" काकूंनी विचारलं.

"कुठं?"

"कुठं म्हंजे? खाली. पदर हालवून राह्यली होती ना मी."

काकाजींनी अंगठा पुन्हा बोटांवर घासला.

"टेसन तरी दिसलं असन? माह्या भावाचं घर?"

"खाली नाय पाह्यलं," ते म्हणाले. "हाताकडं ध्यान होतं."

पाच वर्षं. माझे सगळे रविवार, एक हाड, एक चाक, एका बाईची झोप. आणि हा माणूस चार मिनिटं आभाळात जाऊन स्वतःची दोन बोटं बघून परत आला. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. बंडीवर घरी येईपर्यंत काकू पाठ करून बसल्या होत्या आणि काकाजींच्या ते लक्षातही आलं नाही.

दुपारी त्यांनी दोन्ही स्प्रिंगा काढून आणल्या आणि जिथल्या तिथे लावल्या. "झालं, बाई, काम," म्हणाले. विमानाचं काम संपलं, असं त्यांच्या लेखी होतं. माझं दार कित्येक दिवसांनी फटकन आपोआप लागलं. मांजर बाहेर राहिली. मला आनंद व्हायला हवा होता, तर रडू आलं, आणि ते रागाचंच आहे असं मी तेव्हा ठरवलं.

सोमवारी सकाळी मी शाळेची तयारी करत होते, तर जाळीच्या दाराशी खुडबुड. काकाजी पेचकस घेऊन पुन्हा माझ्या स्प्रिंगेला लागले होते. वर बघेनात.

"आता काय?" मी विचारलं.

"घरच्यायनं पाठोलं," ते म्हणाले. "बंडी सांगून ठेवली तिनं. म्हनते, परत जाय, अन् खाली पाहून ये."

मी दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, झाकणावर वरवंटा ठेवला, आणि शाळेत रजेचा अर्ज पाठवून दिला.